हात आधी धुवायचे

माझ्या हातून आयुष्यात जेवढी बाळंतपणं झाली, त्याच्या कितीतरी पट वेळा मी एकच वाक्य बोलले असेन. हात आधी धुवा. आधी. नंतर नव्हे. या एका 'आधी'पायी मी किती जणांशी वाकडेपणा घेतला त्याला गणती नाही, आणि अजून घेतेच आहे. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात बेसिन आहे, नळाला पाणी आहे, वासाचा साबण आहे. तरी नातवंडं येतात, दोन बोटं नळाला दाखवतात आणि ताटावर जाऊन बसतात. नळ काय देव आहे, नुसतं दर्शन घेऊन पुण्य लागायला? मी ओरडते. सून म्हणते, "आई, रक्तदाब वाढेल." वाढू दे. हा रक्तदाब आजचा नाही, पहूरकडचा आहे.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी धुळ्याला सुईणकामाचं शिक्षण घेत होते. पहिला महिनाभर आम्हा मुलींना हात धुण्यापलीकडे काही शिकवलंच नाही म्हटलं तरी चालेल. बाह्या कोपरापर्यंत वर, नखं कापलेली, बांगड्या काढलेल्या. साबण लावायचा, ब्रशनं नखांच्या आत घासायचं, बोटांच्या बेचक्यात घासायचं आणि मनात शंभर मोजायचे. ऐंशीवर कोणी थांबली तर आमच्या मोठ्या बाईंना ते पाठमोऱ्या असूनही कळायचं. पुन्हा एकपासून सुरुवात. हिवाळ्यात हात फुटायचे. मी मनातल्या मनात बाईंना शिव्या द्यायची. पण ते अंगात असं मुरलं, की सुट्टीत घरी गेले आणि पहिल्याच जेवणाला घरात भांडण लावून मोकळी झाले.

आमच्या घरी, आणि आमच्याच कशाला, साऱ्या गल्लीत हात धुवायचा तो जेवून झाल्यावर. ताटातच. शेवटचा घास पोटात गेला की तांब्यातलं पाणी ताटात ओतायचं, त्यातच बोटं खळबळायची आणि धोतराला किंवा पदराला पुसायची. जेवायच्या आधी काही नाही. मी आईला म्हणाले, आधी धुवायला हवेत. आई भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "जेवाना पहिले हात कसाले धोवाना? हात काय खरकटा शे?" आणि वर, "बठ्ठी अक्कल दवाखानामाच ठेयेल शे का तुन्ही?"

हात खरकटा झाला तर धुवायचा. खरकटा झालाच नाही तर धुवायचा कशाला? या तर्काला उत्तर काय द्यायचं ते मला धुळ्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी रागारागानं उठून हात धुऊन आले, तोवर माझी भाकरी गार झाली होती.

शिक्षण संपलं आणि माझी नेमणूक पहूरपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात झाली. तिथं बाळंतपणाचं केंद्र निघालं होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक लोखंडी खाट, एक स्टोव्ह आणि मी. राहायला एका शेतकऱ्याच्या घरी ओसरीलगतची खोली मिळाली. घरचे केळी-कापसाचे बागाईतदार. घरधन्याला सारा गाव आबा म्हणे, मीही आबाच म्हणे, आणि त्यांच्या बायकोला काकू. माणसं लाख मोलाची. पहिल्या दिवशी काकूनं मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि भरीत कालवताना तिच्या नखांतली काळी माती बघून मी हातातला घास ताटात ठेवला. ती दुपारभर शेतात कापूस वेचत होती. मी काही बोलले नाही. पहिलाच दिवस होता. दुसऱ्या दिवशी मात्र बोलले, आणि मग बोलतच राहिले.

काकूची लेक त्या वर्षी बाळंतपणाला माहेरी आली होती. दुसरी खेप. एकोणीस-वीस वर्षांची, हसरी, पण हसता हसता मधेच गप्प होणारी. एका सकाळी मी वेणी घालत होते तेव्हा ती माझ्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिनं आपणहून सांगितलं. दोन वर्षांमागं पहिला मुलगा याच घरात झाला. चांगला गुटगुटीत होता, दूध प्यायचा. सातव्या दिवशी त्यानं तोंड मिटून घेतलं. स्तन तोंडात धरवेना. आठव्या दिवशी अंग धनुष्यासारखं ताठ झालं, नुसता हात लावला तरी पोर आखडायचं, आणि संध्याकाळच्या आत गेलं. सगळे म्हणाले सटवाईनं नेलं, पाचवीच्या पूजेत काही चुकलं असेल.

"बाई, यंदाचं तं राहीन ना?" तिनं विचारलं.

मला कारण ठाऊक होतं. धनुर्वात. पुस्तकात त्याचं वर्णन मी पाठ केलं होतं, तेच ती शब्द न् शब्द सांगत होती, फक्त रडत सांगत होती. मी तिला म्हणाले, "राहील. मी आहे ना." किती ताठ्यात म्हणाले होते, ते आठवलं की आज माझं मलाच कसंसं होतं. मग मी विचारलं, नाळ कोणी कापली? ती म्हणाली, अक्कानं. अजून कोन कापीन?

अक्का म्हणजे गावाची सुईण. साठीच्या पुढची, काटकुळी, पण चालायला लागली की तरण्या बायका मागं पडत. गावातलं निम्मंअधिक माणूस तिच्या हातावर जन्माला आलेलं, खुद्द आबासुद्धा तिच्या सासूच्या हातचे. एरवी ती केळीच्या बागेत मजुरीला जाई. वाळकी पानं छाटायची, मुळाशी फुटलेली पिलं काढून टाकायची, घड उतरले की खांब तोडायचे. केळीचा चीक कपड्याला लागला तर कपडा जातो, डाग जात नाही. अक्काचे हात त्या चिकानं मनगटापर्यंत काळपट तपकिरी झाले होते, जुन्या तव्यासारखे.

तिचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्या आळीत. निरोप मिळून मी पोचले तेव्हा अक्का माझ्यापुढेच बागेतून आली. विळा दाराशी टाकला, हात पदराला पुसले आणि सरळ आत. मी ओरडले, "अक्का, हात!" तिनं हात वर करून दाखवले, जणू हात जागेवर आहेत का एवढंच मी विचारत होते. मी पुढं होऊन तिला बाजूला करीपर्यंत बाळ तिच्या हातात होतं. आणि काय सफाईनं! हे मात्र मला तिथंच कबूल करावं लागलं. बाईला एक ओरखडा नाही.

मग बाळंतपण उरकलं आणि अक्का हात धुवायला बसली. ते बघण्यासारखं होतं. चुलीवर कडुलिंबाचा पाला घालून पाणी तापवलेलं. राखेनं एकदा, मातीनं एकदा, पुन्हा राखेनं. कोपरापर्यंत. नखं काडीनं कोरून. मग डोक्यावरून अंघोळ, लुगडं बदललं, अंगावर गोमूत्र शिंपडलं, आणि तेव्हा कुठं ती घरच्या वाटेला लागली. आमच्या धुळ्याच्या मोठ्या बाईंनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. फक्त तासभर उशीर झाला होता.

मी तिला वाटेत गाठलं. म्हटलं, "अक्का, अहो हेच सगळं आधी का नाही करत?"

ती थांबली. मला वेड लागलंय की काय, अशा नजरेनं बघत म्हणाली, "काव बाई, पयले कोन धुतं? इटाय तं मंग व्हतो."

विटाळ नंतर होतो! आईचा खरकटा हात आणि अक्काचा विटाळ, दोन्ही एकाच माळेचे मणी. हात माणसापासून वाचवायचे नाहीत, माणूस हातापासून वाचवायचं, हे कोणाच्या स्वप्नातही नाही. मी रस्त्यात उभी राहून तिला जंतू समजावून सांगायला लागले. डोळ्यांना न दिसणारे, शेणात असतात, मातीत असतात, नखात लपतात. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दिसत नहीत तं तुले कसे दिसले?" आणि गेली. मी कपाळाला हात लावला.

त्याच हिवाळ्यात खेड्यातल्या सुइणींना शिकवायची सरकारी योजना आमच्यापर्यंत पोचली. आसपासच्या गावांतल्या सहा जणी माझ्या खोलीत आठवड्यातून दोनदा येऊन बसत. शिक्षण पुरं झालं की प्रत्येकीला पत्र्याची पेटी मिळायची. तिच्यात कात्री, दोरा, कापूस, नखं घासायचा ब्रश आणि लाल साबणाची एक वडी. शंभर मोजायला सहापैकी एकीलाही येत नव्हतं. वीसच्या पुढं कोणी जाईना. मग मी म्हटलं, बरं, जात्यावरच्या चार ओव्या येतात ना? घासता घासता त्या मनात म्हणा. चौथी संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. हे त्यांना एकदम पटलं. खोलीभर ओव्यांची गुणगुण आणि साबणाचा फेस. अक्का सर्वांत पुढं. मला वाटलं, जिंकलं.

पेट्या वाटल्या त्याच्या पंधरवड्यानं अक्काच्या घरी सहज गेले. पेटी देवळीत होती, देवांच्या शेजारी. साबणाच्या वडीवर हळदकुंकू वाहिलेलं. कागदसुद्धा काढलेला नव्हता. मधल्या काळात तिच्या हातून दोन बाळंतपणं झाली होती.

"अक्का, हा साबण वापरला का नाही?"

"सरकारानं देयेल वस्तू, अशी झिजवून टाकाची का?" ती म्हणाली. वर मलाच समजावलं, "ठेयेल हाये ना जपून. तू काबर चिंता करतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच तिला लागेल असं बोलले असते, पण त्या दिवशी गिळलं. गिळलं ते साठून राहिलं आणि आठ दिवसांनी नको त्या जागी बाहेर आलं.

काकूच्या अंगणात पाच-सहा बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. अक्का आली, बागेतूनच, आणि काकूच्या लेकीजवळ बसून लुगड्यावरून तिच्या पोटावर हात फिरवायला लागली. महिना सातवा उलटून गेलेला. मी ओसरीवरून पाहिलं. ते काळे हात, त्या पोटावर. नुसता वरून हात फिरवण्यात काही बिघडत नव्हतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझा तोल गेला. मी खाली उतरले आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "या पोरीला हात लावायचा नाही. हिचं पहिलं पोर सटवाईनं नाही नेलं, अक्का. तुमच्या या हातांनी नेलं."

शेंगा सोलायचा आवाज थांबला. काकूची लेक माझ्याकडे बघत राहिली, मग अक्काकडे. तिनं पदर पोटावर ओढून घेतला. अक्कानं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. उठली आणि गेली.

त्या रागात मला दोन दिवस फार बरं वाटलं, हे खरं तेच सांगते. वाटलं, कोणीतरी बोलायलाच हवं होतं. तिसऱ्या दिवसापासून बरं वाटेनासं झालं. अक्का आमच्या आळीत येईनाशी झाली. बाळंतपणाला बोलावलं तर म्हणे, बाईले न्या, माह्ये हात चांगले नहीत. बागेत मात्र जायची. मी समोर दिसले की वाट बदलायची. काकू माझ्याशी पूर्वीसारखीच बोले, वाढे, पण तिच्या लेकीनं पुन्हा माझ्या चौकटीत उभं राहून काही सांगितलं नाही. मी तिला तपासायला जाई तेव्हा निमूट पडून राही. एकदाच म्हणाली, "बाई, सटवाईनं नेलं असं वाटे तवर राती झोपत तरी व्हती. आता झोपत नही."

दिवस भरायला तीन आठवडे होते तेव्हा मला कामाचे कागद घेऊन जळगावला जावं लागलं. सकाळच्या एसटीनं गेले, काम उरकलं आणि दुपारच्या गाडीनं परत फिरले. गाडीत बसायला जागा नव्हती. दांडीला लोंबकळत, शेजारच्या बाईच्या कोंबड्यांची टोपली सांभाळत पहूरपर्यंत आले, आणि तिथून पायी. धूळ, घाम. गावाच्या वेशीत पाऊल टाकलं तर आबा सामोरे आले, धावत. आबांना मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. "बाई, सकायपासून सुरू हाये," एवढंच म्हणाले.

मी पळतच अंगणात शिरले. आतून काकूच्या लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. आणि बाहेर, न्हाणीच्या दगडापाशी, अक्का बसली होती.

तिच्यापुढं गरम पाण्याचं घंगाळ होतं. शेजारी पत्र्याची पेटी उघडी. साबणाची वडी निम्म्याहून जास्त झिजलेली. ती ब्रशनं हात घासत होती. तिच्या बोटांची सालपटं निघाली होती, मनगटापाशी कातडं फाटून रक्त आलं होतं, पाणी गुलाबी झालं होतं, आणि ती घासतच होती. मला बघून तिनं हात पुढं केले. तिचा आवाज एवढासा झाला होता.

"जात नही बाई. सकायपासून धुऊ राह्यली. काये जात नही."

केळीचा चीक! तो काळेपणा जाईना म्हणून ती बाई सकाळपासून उंबऱ्याच्या बाहेर बसून होती. ज्या बाईनं अर्धं गाव जन्माला घातलं ती, आत पोर कळा देत असताना, आत पाऊल टाकायला धजत नव्हती. कारण मी सांगितलं होतं, घाण हात पोर मारतो. घाण म्हणजे न दिसणारी, हे मी शंभरदा बडबडले होते. आणि बायकांसमोर बोट दाखवलं ते मात्र दिसणाऱ्या काळ्या हातांकडे. तिनं ते अगदी बरोबर ऐकलं होतं.

"अक्का, अहो तो डाग आहे, घाण नाही! केव्हाच स्वच्छ झालेत तुमचे हात!" मी ओरडले. राग तिचा नव्हता, माझा मलाच आला होता. पिशवी ओसरीवर टाकली आणि दाराकडे धावले.

"बाई! हात!"

मी उंबऱ्यावर थबकले. एसटीची दांडी, कोंबड्यांची टोपली, दोन कोसांची धूळ. मी तशीच आत निघाले होते. मी!

मागे आले, दगडावर बसले. अक्कानं घंगाळातलं पाणी फेकलं, चुलीवरचं नवं घेतलं आणि गडवानं माझ्या हातावर घालू लागली. मी घासत होते, ती पुटपुटत होती. आतून एक मोठी किंकाळी आली आणि मी हात झटकून उठायला लागले. अक्कानं आपल्या सोलवटलेल्या हातानं माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. "बस. आजून येक ओवी राह्यली." तेवढी लांब ओवी माझ्या आयुष्यात मी पुन्हा ऐकली नाही.

ती संपता संपता तिनं सांगितलं, "मी त्या दिशी लुगड्यावरून पाह्यलं व्हतं. पोरगं उभं हाये. पायायू येईन. तू बोलली म्हून मी सांगतलं नही."

मला ते कळलं नव्हतं. दोनदा तपासून कळलं नव्हतं. मी डोकं खाली आहे असं धरून चालले होते.

पायाळू बाळंतपण मी धुळ्याला दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा दुरून. आत गेले तर पावलं बाहेर आलेली. अक्काच्या हातांना जखमा होत्या, ते हात आता आतल्या कामाला चालणार नव्हते, आणि हे मी न सांगताच तिला समजलं होतं. ती लेकीच्या उशाशी बसली, लुगड्यावरून पोटावर तळवे ठेवले, आणि तिथून मला सांगत राहिली. मी बाळाचे पाय धरून ओढायला गेले तर खेकसली, "वढू नको! थांब. त्याले येऊ दे." मी थांबले. थांबणं हे ओढण्यापेक्षा किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. "आता फडकं गुंडाय. आता खाली झुकव. आता वर. हयू व माय, हयू." माझे हात, तिचा अंदाज. ती वरून दाबत होती, मी खालून धरत होते, आणि काकू लेकीच्या तोंडावरचा घाम पुसत माझ्याकडे एकटक बघत होती. शेवटी डोकं सुटलं. मुलगा. निळसर. मी त्याला उलटा धरून पाठ चोळली. किती वेळ चोळली ठाऊक नाही. मग तो रडला, आणि अक्का रडली, आणि मी त्या दोघांवर ओरडले की आता कोणी नाळेला हात लावेल तर याद राखा.

नाळ उकळलेल्या कात्रीनं कापली, उकळलेल्या दोऱ्यानं बांधली. राख नाही, शेण नाही, काही नाही. पुढचे आठ दिवस मी त्या खोलीच्या दारात तांब्या आणि साबण घेऊन पहारा केला. काकू आली, हात धुतले. आबा आले, "मी तं नुसतं लांबून पाहातो" म्हणाले, तरी धुवायला लावले. शेजारणी कुरकुरल्या, ही कुठली नवी सोवळी आली म्हणाल्या. पाचवीच्या दिवशी सटवाई पूजली, त्याला मी हरकत घेतली नाही, पण पूजा करणारीनंही आधी हात धुतले. सहावा दिवस. सातवा. बाळाची आई बाळाचं तोंड सारखं उघडून बघत होती. मीही तिच्यापाठोपाठ बघत होते, ती झोपली की हळूच.

आठव्या दिवशी संध्याकाळी बाळ कडकडून भुकेजलं आणि घटाघटा दूध प्यायला लागलं. त्याची आई हसली. मधेच गप्प न होता हसली. मला म्हणाली, "राह्यला व बाई." मी मान हलवली. बाहेर ओसरीवर बायका एकमेकींना सांगत होत्या, पायाळू ना, पायाळूला सटवाई कशी शिवेल? एवढा साबण झिजला, एवढा जीव टांगणीला लागला, आणि श्रेय कोणाला, तर पोराच्या पायांना! पुढं तो मुलगा चालायला लागल्यावर कमरेत उसण भरलेली माणसं त्याची लाथ खायला येत. माझं बघून कोणी आपणहून हात धुतले नाहीत ते नाहीतच.

त्याच संध्याकाळी अक्का आली. आठ दिवस ती फिरकली नव्हती. हातांवर खपल्या धरल्या होत्या. मी सांगायच्या आधीच दाराशी दगडावर बसली आणि हात पुढं केले. मी पाणी घातलं. तिनं साबण घेतला, खपल्या सांभाळत हळूहळू चार ओव्यांचे हात धुतले, फडक्यानं न पुसता तसेच वर धरले, आणि आत न जाता माझ्याकडे वळली.

"बाई, येक सांग. खरं सांगजो. त्या पह्यल्या पोराच्या येयी मी असे धुतले असते, तं ते राह्यलं असतं का?"

हेच मी तिला भर अंगणात ओरडून सांगितलं होतं. आता ती विचारत होती. म्हणावंसं वाटलं, कोण जाणे अक्का, नशीब असतं एकेकाचं. पण तिनं खरं सांग म्हटलं होतं. नाळ कापायच्या विळ्याचं आणि नाळेवर लावायच्या राखेचंही सांगितलं, सगळा भार एकट्या हातांवर नको म्हणून, आणि शेवटी म्हणाले, "बहुतेक राहिलं असतं."

ती ओल्या हातांकडे बघत बसली. मला वाटलं रडेल. तिनं मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते आणि तोंड रागानं ताठ झालं होतं. त्या वर्षभरात मी तिच्यावर जेवढी संतापले होते, त्या सगळ्यापेक्षा मोठा संताप त्या तोंडावर होता, आणि तो माझ्यावर होता, धुळ्यावर होता, दवाखान्यांवर आणि पुस्तकांवर होता.

"येवढं सोपं व्हतं," ती म्हणाली, "मंग मले पन्नास वरीस कोनी सांगतलं काबर नही?"

त्यानंतर मी नोकरीत कितीतरी गावं फिरले, कितीतरी जणींना ब्रश आणि साबण दिला, आणि प्रत्येकीला पहिल्याच दिवशी कागद फाडून वडी पाण्यात भिजवायला लावली. तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही. म्हणून मी बेसिनपाशी उभी राहते आणि ओरडते. नातवंडांना राग येतो तर येऊ दे. कोणी सांगितलं नव्हतं, असं निदान माझ्या घरात कोणाला म्हणता येऊ नये.